तात्पुरता फोल्डर

१४ जून, शनिवार. सोमवारी नव्या संशोधक विद्यार्थ्यांना आमच्या मशिनींबद्दल सांगायचं आहे, त्याची तयारी करते आहे. दरवर्षी तेच बोलते. त्यातली एक गोष्ट खोटी आहे, हे मात्र मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही – घरीसुद्धा नाही.

आमच्या विद्यापीठात संशोधनाला स्वतंत्र संगणक देत नाहीत. मोठ्या सर्व्हरवर प्रत्येकाला एकेक आभासी मशीन कापून देतो. ती चालू ठेवणं, अपडेट करणं, बॅकअप घेणं – ते सगळं माझ्या विभागाचं काम. मशीनमध्ये दोन जागा असतात. कायमचा फोल्डर आणि तात्पुरता फोल्डर. तात्पुरत्याचा बॅकअप होत नाही. हे पहिल्याच दिवशी सांगतो आणि वर एक गोष्ट जोडतो – एका मुलीनं सगळं काम तात्पुरत्यात ठेवलं आणि घालवलं. पोरं हसतात. गोष्ट लक्षात राहते. चांगली गोष्ट आहे ना?

ती मुलगी भाग्यश्री. निपाणीची. इथे परमुलखात फोनवर माझं मराठी ऐकलं आणि त्या दिवसापासून मला अक्का म्हणायला लागली. शहराबाहेर आनेकलच्या तळ्यांवर पहाटे जाऊन पक्ष्यांचे आवाज रेकॉर्ड करायची. मग हेडफोन लावून एकेक फाईल ऐकायची आणि कोणत्या क्षणी कोणता पक्षी बोलला, याच्या खुणा करायची. मूळ आवाज तिच्याकडे होते. खुणा फक्त आमच्या मशीनवर, कायमच्या फोल्डरमध्ये होत्या. दीड वर्षाचं ऐकणं होतं ते.

तेव्हा आमची डिस्क भरत आली होती. नवी येईपर्यंत ज्या मशिनींवरच्या संशोधनाचा फारसा गाजावाजा नव्हता, त्यांचा बॅकअप मी बंद केला. कुणाला विचारलं नाही. तक्रार कोण करेल आणि कोण करणार नाही, हे मला बरोबर माहीत होतं – पक्ष्यांवर काम करणारी निपाणीची मुलगी करणार नव्हती. मग महिन्याचं अपडेट आलं. अपडेटच्या आधी मशीनची प्रत काढून ठेवायची, ही आमची पद्धत. जागा नव्हती, म्हणून मी प्रत न काढता अपडेट चालवलं. तिचं मशीन परत उठलं नाही.

डिस्क भरली हे खरं. पण भरलेल्या डिस्कनं मला खोटं बोलायला लावलं नव्हतं. विभागप्रमुख राव सरांनी बैठक बोलावली, आणि कुणी काही विचारायच्या आत मीच म्हणाले की डेटा तात्पुरत्या फोल्डरमध्ये होता. सरळ आवाजात, कागद आवरता आवरता. मशीनच उरलं नव्हतं, तपासणार कोण?

ती भांडली असती तर? तर मी आणखी खोटं बोलले असते, हे मला ठाऊक आहे. पण ती भांडली नाही. बैठकीतून बाहेर येऊन म्हणाली, "मी तिथंच ठेवलं असणार, अक्का. माझंच लक्ष नव्हतं बघा." आपण स्वतःच्या हातानं कुठे काय ठेवलं, यावरचा तिचा विश्वास मी काढून घेतला. आणि तिला कॅन्टीनमध्ये कॉफी पाजली.

तिनं सगळ्या खुणा पुन्हा केल्या. पीएचडी लांबली, शिष्यवृत्ती मध्येच संपली, शिकवण्या घेऊन तिनं ती पुरी केली. काल ती आमच्याच विद्यापीठात नोकरीच्या मुलाखतीला आली होती. तांत्रिक सदस्य म्हणून मी टेबलाच्या पलीकडे. ती बाहेर गेल्यावर राव सर म्हणाले, "डेटा हरवणारी ती हीच ना?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाणी प्यायले. निर्णय सोमवारी आहे.

मी कामात ढिली नाही. माझ्याइतकी नेटकी व्यवस्था कुणी चालवत असेल तर दाखवा. म्हणूनच हे अनवधान नव्हतं. मी विचार करून एक माणूस निवडलं, आणि मग दरवर्षी त्याच्यावर पोरांना हसवलं.

काल इथवर लिहून थांबले होते. आज, रविवारी सकाळी, पहिला फोन राव सरांना केला. सगळं सांगितलं, आणि हेच लेखी पाठवते म्हणाले. ते म्हणाले, याचे परिणाम होतील. "सरी, ठीक आहे, होऊ देत," म्हटलं.

मग भाग्यश्रीला विचारलं, कुठे आहेस. तळ्यावर, म्हणाली. इलेक्ट्रॉनिक सिटीहून आनेकलची बस पकडली. ती बांधावर बसली होती, कानांवर हेडफोन, समोर तिपाईवर माईक. मी उभ्यानंच सांगितलं – बॅकअप, अपडेट, बैठक, दरवर्षीची गोष्ट, आणि राव सरांना काय सांगितलं तेही. तिनं मध्ये एकदाही मला अक्का म्हटलं नाही. माझं संपल्यावर ती म्हणाली, "रेकॉर्डिंग चालू होतं."

पुसून टाक, असं मी म्हणेन, असं तिला वाटलं असावं.

"एक प्रत आमच्या मशीनबाहेर ठेव," म्हटलं, आणि बसस्टॉपकडे चालायला लागले.