जोगळेकरांचं विसरभोळं कार्ड

बदलीच्या नोकरीतल्या माणसांचं सामान दर बदलीला कमी होत जातं आणि किस्से वाढत जातात. आमच्या कोलकात्यातल्या मराठी मंडळींत रविवारी चार डोकी जमली, की पोह्यांच्या जोडीला कुणाचा तरी किस्सा निघतोच. त्यातले निम्मे जोगळेकरांचे. हे बँकेत अधिकारी, मूळचे नाशिकचे, राज्याबाहेरच बदल्या होत होत इथे आलेले. बराकपूरला आमच्याच इमारतीत, बरोबर आमच्या खाली राहतात. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे त्यांच्या कॉम्प्युटरच्या सगळ्या भानगडींचा साक्षीदार आपोआप मीच.

जोगळेकर कॉम्प्युटरवर विंडोज नाही, फक्त लिनक्स वापरतात. का, असं विचारलं की म्हणतात, "ज्या वस्तूचं झाकण मला उघडता येत नाही, ती मी घरात ठेवत नाही."

त्यावर वहिनी स्वयंपाकघरातून म्हणतात, "आणि उघडलेलं एकही झाकण लावत नाहीत."

*

त्यांची रेवा तेव्हा बारावीत होती. तिला डिझाइनच्या कॉलेजात जायचं होतं आणि त्यासाठी तीन मिनिटांची ॲनिमेशन फिल्म पाठवायची होती. गोष्ट छान होती, हुगळीवरच्या एका म्हाताऱ्या फेरीबोटीची, जिला रिटायर व्हायचं नाहीये. पण असल्या फिल्मचं एकेक चित्र कॉम्प्युटर रंगवून काढतो आणि ते काम ग्राफिक्स कार्डाचं. घरातलं कार्ड जुनं, तेही सेकंडहँड. काम संपायला वीस दिवस लागणार होते आणि हातात बावीस होते.

"दोन दिवसांच्या भरवशावर पोरीचं वर्ष सोडायचं?" जोगळेकर म्हणाले. "ओव्हरक्लॉक करू."

म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा कार्डाला जास्त पळवायचं. लिनक्समध्ये वेगाचा आकडा आपल्या हाताने चढवता येतो, आणि तेच तर जोगळेकरांना हवं होतं. बँकेत साध्या कर्जाला दोन जामीनदार मागणारा हा माणूस घरी कार्डाला विचारत होता, "अजून पन्नास जमतील का रे?"

पहिल्याच दिवशी स्क्रीन काळी झाली. काय झालं म्हणून वहिनी धावत आल्या, तर हे शांतपणे म्हणाले, "काही नाही. त्याने नाही म्हटलं."

*

मग कार्ड तापायला लागलं. हावड्याला बिशूदांचं पंखे आणि ब्लोअर बनवायचं छोटं वर्कशॉप आहे. रविवारी आम्ही दोघं कॉम्प्युटरचं कॅबिनेट चादरीत गुंडाळून तिकडे निघालो. बसमध्ये एका आजोबांनी लगेच उठून जागा दिली, पण मला नव्हे. त्यांना वाटलं आत मूर्ती आहे. मी पुलावरून उभ्याने गेलो, कॅबिनेट बसून गेलं.

बिशूदांनी पाठीमागे लोहाराच्या भट्टीचा ब्लोअर ठोकून दिला. घरी तो सुरू केला तेव्हा वरच्या मजल्यावर माझ्या चहाच्या कपात लाटा उठल्या. पण वहिनी खूश. कोलकात्याच्या दमट हवेत त्यांचे पोह्याचे पापड कधी धड वाळले नव्हते, ते त्या कॅबिनेटमागच्या गरम वाऱ्यावर दोन दिवसांत कडकडीत वाळले.

"ते ओव्हरक्लॉकिंग इतक्यात बंद करू नका हो," त्या म्हणाल्या, "अजून एक घाणा आहे."

*

एकदा सकाळी मी पेचकस परत करायला खाली गेलो. जोगळेकर नुकतेच आकडा चढवून आठ-वीसच्या लोकलसाठी धावत गेले होते. रेवा डोळे पुसत बसली होती. जास्त पळवल्यामुळे चित्रं बिघडत होती. बोटीच्या अर्ध्या अंगावर हिरवे ठिपके आले होते. चारशेएक चित्रं परत काढायला लागणार होती, म्हणजे हातातले ते दोन जादा दिवस गेले. आता एक जरी चित्र बिघडलं असतं तर फिल्म वेळेत गेली नसती.

माझ्यासमोर तिने दोन ओळी टाइप केल्या आणि कार्डाचा आकडा मुळात होता तिथे खाली आणला.

"काका, बाबांना बोलू नका हं," ती म्हणाली. जन्मभर बाहेर राहिलेल्या पोरांचं मराठी असंच. "ते रोज सकाळी चहा सोडून माझ्यासाठी हे करतात."

पेचकस तसाच हातात घेऊन मी वर आलो.

*

तिकडे जोगळेकर हैराण. सकाळी चढवलेला आकडा संध्याकाळी खाली! त्यांनी निदान केलं, दिवसा वीज जात असणार, मशीन परत सुरू होताना कार्ड विसरत असणार. यूपीएस आणला. मशीन सुरू झालं की आकडा आपोआप चढेल असा प्रोग्रॅम लिहिला. तरी संध्याकाळी आकडा खालीच.

लिनक्सवाल्यांची एक रीत आहे, अडलं की सगळ्या जगाला विचारायचं. जोगळेकरांनी इंटरनेटवर सविस्तर लिहिलं, आलेख जोडून. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्या जर्मनीतल्या एका सज्जनाचं उत्तर आलं, "चूक आमच्या ड्रायव्हरची असावी. क्षमस्व. तपासतो."

तो बिचारा आठवडाभर तपासत होता. त्या आठवड्यात रेवा आणि मी एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हतो.

*

फिल्म शेवटच्या दिवशी दुपारी गेली. एकही ठिपका नव्हता. रेवाची निवड झाली. मंडळींत सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा रोज सकाळी कार्ड सेट करून जायचे म्हणून झालं." जोगळेकर खाली मान घालून चष्मा पुसत राहिले. जूनमध्ये ती अहमदाबादच्या होस्टेलला गेली.

मागच्या रविवारी पोहे खाताना ते एकदम म्हणाले, "कार्ड हल्ली विसरत नाही."

"म्हणजे?"

"सकाळी आकडा चढवून जातो. संध्याकाळी येऊन बघतो तर जिथल्या तिथे. पंधरा दिवस बघितलं."

मी पोह्यांतला शेंगदाणा शोधायला लागलो. वहिनींनी न विचारताच माझ्या बशीत आणखी पोहे वाढले.

"मग आता काय करता?" मी विचारलं.

"सकाळी चढवतो. बूट घालतो, दार ओढून घेतो. मग परत आत येऊन मीच खाली आणतो," जोगळेकर म्हणाले. "त्यापायी आठ-वीसची रोज चुकते."