गोपाळनं वाचलेला आकडा

सिद्धलिंगप्पा एसटीत कारकून होते. नोकरी मंगळवेढ्याला झाली. निवृत्तीनंतर सोलापुरात जोडभावी पेठेत लेकीकडे, दाक्षायणीकडे आले, ते दोन ट्रंका कपडे आणि टेम्पोभर रेकॉर्डी घेऊन. जावई म्हणाला, "मामा, माणसांनाही जागा ठेवा की." अप्पा हसले आणि एक खोकं पलंगाखाली सरकवलं.

गोपाळ त्यांच्याच कचेरीतला, वयानं थोडा लहान; आता तोही सोलापुरातच राहायला आलेला. रेकॉर्डींचा नाद त्याला अप्पांनी लावला. मंगळवार बाजारात भंगाराच्या ढिगापाशी उकिडवं बसून अप्पांनी त्याला शिकवलं होतं, "लेबलावर जाऊ नकोस. लेबल वीस वर्षं तेच छापतात. गाणं संपतं आणि लेबल सुरू होतं, त्यामधली गुळगुळीत पट्टी बघ. उजेडात तिरकी धर, तिच्यावर कोरलेला नंबर दिसतो. नंबराच्या शेवटी एक असला, तर पहिल्या साच्यातली; खरं मोल तिलाच."

पुढं दर शुक्रवारी बैठक ठरली. रिवाज असा, की घरच्यानं रेकॉर्ड काढायची आणि पाहुण्यानं पट्टी मोठ्यानं वाचायची. मगच सुई टेकवायची.

अप्पांकडं पहिल्या साच्यातली एक भजनांची रेकॉर्ड होती. त्यांच्या पत्नीनं, नागव्वानं, लग्नानंतर माहेराहून येताना आणलेली. नागव्वा गेल्यावर अप्पा ती क्वचितच लावत. गोपाळच म्हणाला, "अप्पा, पुण्यात माझ्या पोराकडं, ओजसकडं, मशीन हाय. रेकॉर्ड देतो त्याला. गाणी मोबाइलमदी घालून देईल. सुईनं झिजायला नको." अप्पांनी ती जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून त्याच्या हाती दिली.

पंधरवड्यानं, पुण्याला जाऊन आल्यावर, एका शुक्रवारी सकाळी गोपाळ ती दाक्षायणीकडं देऊन गेला. दुपारी अप्पांनी फडकं सोडलं. पाकीट तेच होतं, कोपऱ्यावर नागव्वाच्या हातचा हळदीचा डाग होता. खिडकीपाशी जाऊन त्यांनी रेकॉर्ड तिरकी धरली. नंबराच्या शेवटी चार होता.

पोराच्या हातून अदलाबदल झाली असेल. मशीनवर दहा जणांच्या रेकॉर्डी येतात. गोपाळला बिचाऱ्याला ठाऊकही नसेल. संध्याकाळपर्यंत त्यांनी मनाची अशी समजूत घातली. दाक्षायणीला काही बोलले नाहीत.

संध्याकाळी गोपाळ आला. चहा झाला, कुंभारी गावच्या कुणा पाव्हण्यांची चेष्टा झाली. मग अप्पांनी तीच रेकॉर्ड काढली आणि त्याच्या हातात दिली.

"वाच."

गोपाळनं चष्मा कपाळावर सरकवला, रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली तिरकी केली. नंबर सावकाश वाचला. शेवटी म्हणाला, "एक."

"नीट बघ."

"एकच हाय की. तुमच्या डोळ्यांचं आता ऑपरेशन करून घ्या, अप्पा."

दाक्षायणी हसली. अप्पांनी रेकॉर्ड परत घेतली, पाकिटात घातली. सुई टेकवली नाही.

"चार हाय," ते म्हणाले. "दुपारीच बघितलंय मी."

गोपाळनं चष्मा खाली ओढला, काढला, सदऱ्याला पुसला. "ओजसच्या सायबाला लई शौक हाय. त्यांनी बघितली अन् मागितली. पोराची नोकरी कच्ची हाय, अप्पा. त्यानंच दुसरी आणून पाकिटात घातली. गाणी तीच हायत."

"तुला कळलं कधी?"

"पुण्यातच."

दाक्षायणी आत जायला निघाली होती, ती दारातच थांबली.

"पोरानं केलं, ते मी गिळलं असतं," अप्पा म्हणाले. "मागितली असतीस तर दिली असती का, ते सांगता येत न्हाई. तंडलो असतो. पण तुला पट्टी वाचायला मीच शिकवलं, अन् तू माझ्यासमोर बसून खोटं वाचलंस. दोनदा."

"आणतो परत. सायबाच्या पाया पडतो."

"आणलीस तर दाक्षायणीकडं दे."

"अन् शुक्रवारी?"

अप्पांनी रेकॉर्ड प्लेअरचं झाकण लावलं. "शुक्रवारी नको येऊस."

गोपाळ उठला, नेहमीच्या सवयीनं "येतो" म्हणाला, आणि अप्पांनी "ये" म्हटलं नाही.