जन्नतचाचींची कॅसेट

गुहागरच्या एसटी स्टँडसमोर अक्षयाचं झेरॉक्सचं दुकान आहे. मी निवृत्त शिक्षक. पेपर वाचायला तिथेच बसतो आणि कोणी विचारलं नसताना सल्ले देतो. तिचे कॉम्प्युटर म्हणजे लोकांनी भंगारात काढलेले डबे. त्यांवर ती विंडोजऐवजी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकते आणि ते मुकाट चालू लागतात.

गेल्या महिन्यात जन्नतचाची एक कॅसेट घेऊन आल्या. पूर्वी आखातात गेलेली माणसं पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायची. ही त्यांच्या नवऱ्याची, गुलाम रसूलची, मस्कतहून आलेली शेवटची. पुढच्याच वर्षी तो तिथे वारला. घरातला टेप मोडल्यापासून, म्हणजे वीसेक वर्षं, चाचींनी तो आवाज ऐकला नव्हता.

"मोबाइलात घालून दे गो बाय," एवढंच त्या म्हणाल्या.

अक्षयाने टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडला, बटण दाबलं. खर्रर्र! माणूस बोलतोय की पत्रा फाटतोय, कळेना. चाचींचा चेहरा पडला.

"खाऱ्या हवेनं फीत गेली," मी निकाल देऊन टाकला.

अक्षयाने झटकन टेप बंद केला. "गुरुजी, फीत जुनी आहे. पुन्हा पुन्हा चालवून तुटली तर दुसरी कुठून आणू? आधी मशीन तपासते."

तिने कॉम्प्युटरमधलं एक गाणं लावलं. स्वच्छ वाजलं. म्हणजे बाहेर पडणारा आवाज ठीक, घोळ आत येताना. मग माझी भजनाची कॅसेट मागवून लावली. तिचाही आवाज फाटला.

"तुमचीही फीत खारली का, गुरुजी?"

मी पेपरात तोंड घातलं.

तिने काळ्या पडद्यावर आवाजाचे उभे खांब उघडले. माइकचा आवाज वाढवणारा खांब टोकाला जाऊन लाल झालेला. टेपचा आवाज मुळातच मोठा, त्यात ही वाढ. साउंड कार्डाला ते पेलवत नव्हतं. एका वेळी एकच खांब खाली, मग भजन, मग वहीत टिपण. पाऊण तास हेच. मी असतो तर दहाव्या मिनिटाला डबा बडवला असता. भजन स्वच्छ झालं तेव्हाच तिने चाचींच्या कॅसेटला हात लावला.

गुलाम रसूल बोलू लागला. अगदी स्पष्ट. पण मधेच आवाज पुन्हा फाटला. अक्षयाने पडद्याकडे पाहिलं. लाल काहीच नव्हतं.

"हे मशीनचं नाही, चाची. भरतानाच असं भरलंय. थोडं साफ करून देऊ?"

चाची हसायला लागल्या. "नको गो. मस्कत लांब, मला ऐकू जायचा नाय म्हणून वरडलेत ते. होडीवरनं हाका मारायची सवय."

अक्षयाने लगेच हात मागे घेतला. इतकी खटपट केल्यावर कुठे थांबायचं हे तिला कळलं, याचंच मला जास्त कौतुक वाटलं.

कॅसेट पुढे सरकली. "जन्नत! ऐकू येताय काय गो?" गुलाम रसूल ओरडला.

चाची खुर्चीतून उठल्या आणि समोरचा स्टँड वळून बघेल अशा आवाजात ओरडल्या, "येताय! येताय!"