माथेवळात कुणीही राहत नाही

कचेरीत अर्ज निकालात निघतात, किस्से निघत नाहीत. ते नोकरीभर साचत राहतात आणि पेन्शनीत गेलेला माणूस ते दिसेल त्याला ऐकवत सुटतो. एकट्या माथेवळ गावाचे माझ्याकडे इतके आहेत, की मी ‘माथेवळ’ म्हटलं की बायको उठून स्वयंपाकघरात जाते.

माथेवळ म्हणजे आमच्या तालुक्याचं टोक. सह्याद्रीच्या माथ्यावर वीसेक घरं आणि पलीकडच्या उतरणीला गोवा, म्हणजे तेव्हाचं पोर्तुगीज राज्य. आता तिथे नुसत्या करवंदीच्या जाळ्या आहेत. गाव साथीने उठला नाही, वाघाने उठवला नाही. आमच्या कचेरीने उठवला!

*

आमच्याकडे काही गावांत गावपळण असते. काही वर्षांनी एकदा देवाचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसकट शिवेबाहेर राहायला जातो. तीन दिवस गावात माणूस नाही, कुत्रं नाही.

नेमके त्याच दिवसांत आमचे नवे सर्कलसाहेब माथेवळच्या पाहणीला निघाले. गृहस्थ देशावरचे. वाटेत नदीकाठी झावळ्यांच्या मांडवात मंडळी बसली होती. त्यांनी साहेबांना पेज वाढली, वाट दाखवली. साहेब घाम गाळत वर गेले आणि तणतणत खाली आले.

“अहो, वर चिटपाखरू नाही!”

“नसतलाच मां, सायबानू. आमी सगळे हय आसांव!”

“तुम्ही कोण?”

“गाव.”

साहेबांना हा उद्धटपणा वाटला. त्यांनी शेरा मारला, ‘गाव बेचिराख.’ महसूल खात्याच्या भाषेत, जिथे दिवा लागत नाही असा ओसाड गाव.

*

शेरा कळल्यावर माथेवळचे मुख्य मानकरी बाबी गावकार अख्खा गाव घेऊन कचेरीत हजर. कमरेला पंचा, खांद्यावर घोंगडी, आवाज देवाला गाऱ्हाणं घालून कमावलेला.

आमचे अव्वल कारकून भाऊसाहेब. माणूस लाच न खाणारा, त्यामुळे त्यांच्यापुढे इलाजच नसे.

“भावसायबानू, बघून घेवा. आमी जिते आसांव!”

“सगळे आलात?”

“सगळे. तान्ह्या पोराक सुदीक हाडलां.”

“म्हणजे या क्षणी माथेवळात कोण आहे?”

“कोण नाय.”

“मग सर्कलसाहेबांचं काय चुकलं?”

मी तिथे नवा कारकून, मध्ये तोंड घातलं. भाऊसाहेबांनी मला आवक-जावक बघायला सांगितलं. गावकारांचा अर्ज तेवढा मी जावकमध्ये चढवून वर धाडला.

*

बेचिराख गावाला शाळा कशाला? मास्तरांची बदली पायथ्याच्या गावात झाली. निरोपाच्या दिवशी पोरं रडू लागली. मास्तरही गहिवरले, पण सरकारी नोकर!

“रडताय कशाला? सरकारच्या हिशेबी तुम्ही नाहीच!”

*

मग एकदा पलीकडून पाखल्यांचा, म्हणजे पोर्तुगीजांचा, एक शिपाई हद्द चुकून वर आला. बरोबर गोव्याचा दुभाषी. त्यानं विचारलं, हा गाव कुणाचा?

बाबी गावकार म्हणाले, “खाली इचारा. थंय म्हणतत, असो गावच नाय.”

“मग आम्ही घेऊ?”

“घेवा. पण आदी मास्तर धाडा!”

शिपाई परत गेला. बातमी मात्र खाली पोचली. गाव परकीयांना देऊ केला म्हणून आमचे फौजदार बंदूकवाले घेऊन वर धावले. गावकारांना आनंद मावेना. “फौजदारानू, माका बेड्यो घाला. फकत खंय गावलो ता लिवा!”

फौजदारांनी कचेरीत येऊन विचारलं, पत्ता काय लिहू? भाऊसाहेब म्हणाले, “ओसाड गावात आरोपी राहतो असं लिहाल, तर तुमचीच चौकशी लागेल.” गावकार निर्दोष सुटले. गावात हळहळ झाली!

*

मास्तर वर येईना, तेव्हा पोरं खाली गेली. पायथ्याच्या शाळेत तेच एकटे मास्तर होते. पोरांमागून आया, आयांमागून गुरं. घरांची कौलं सुद्धा उतरली. गोवा मुक्त झाला त्याच्या आसपास शेवटचे बाबी गावकार खाली आले.

आणि वर्षानुवर्षं वरच्या कचेऱ्या हिंडत असलेला गावकारांचा तो अर्ज तेव्हा मंजूर झाला! माथेवळ बेचिराख नाही, शाळा तातडीने सुरू करावी. जवळचा मास्तर कोण? पायथ्याचा. पाठवा वर!

मास्तर म्हणाले, “वर मुलं नाहीत हो.”

भाऊसाहेब म्हणाले, “हुकुमात मुलांचा उल्लेख नाही.”

मास्तर ट्रंक घेऊन चढले. वर मास्तर आणि फळा. खाली माथेवळची झाडून सगळी पोरं बंद शाळेच्या पायरीवर.

आठवड्याभरात बाबी गावकार कचेरीत आले. या वेळी एकटेच. भाऊसाहेबांना हात जोडून म्हणाले, “आमचो गाव परत बेचिराख करा. पोरां खाली, मास्तर वर. पोरांनी शिकाचा कसा?”

भाऊसाहेब खरंच हळहळले. त्यांनी स्वतःच्या खिशातून चहा मागवला.

“करू गावकार, नक्की करू. पण मागच्यासारखी चूक नको. नियमाप्रमाणे गावात एकही माणूस राहत नसला पाहिजे.”

“येक पण नाय रवत! मी सोता शेवटाक उतारलंय.”

“असं कसं?” भाऊसाहेब म्हणाले. “मास्तर राहतात ना!”