चुकलं कुठं ते सांगा

नोकरी मिळाली नाही की माणसं दोनपैकी एक करतात. नशिबाला शिव्या देतात, नाहीतर वशिल्याला. मी दोन्ही केलंय आणि खोटं कशाला बोलू, त्यानं बरंही वाटलंय. माझी मैत्रीण महेजबीन मात्र तिसरंच काहीतरी करायची. ज्यानं नाही म्हटलं त्याच्याच समोर उभी राहून विचारायची, "माझं चुकलं कुठं ते सांगा." समोरच्याची पंचाईत व्हायची आणि शेजारी उभ्या असलेल्या मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आमची ओळख दौंडच्या टायपिंग क्लासातली, शहाण्णव सालची. मी पाटसहून एसटीनं जायची. आमच्या आज्यानं मेंढरं वळली, आबांनी ऊस लावला, आणि मी खुर्चीवर बसून नोकरी करणार असं माझं मीच ठरवून टाकलेलं. महेजबीन दौंडचीच. तिचे वडील अनिसचाचा कापूस पिंजून गाद्या भरायचे. त्या धंद्यानं त्यांची छाती पोखरली होती, खोकला थांबत नव्हता, आणि गिऱ्हाईक फोमच्या गाद्यांकडे वळलं होतं. घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे माझी हौस होती आणि तिची गरज.

परीक्षा दोघी पास झालो. पुण्याला जाऊन सेवायोजन कार्यालयात नावं घातली. तिथून आजतागायत बोलावणं आलेलं नाही. महेजबीनला कोर्टाजवळच्या एका वकिलाकडे काम मिळालं, पण वर्षाच्या आत वकिलांनी कॉम्प्युटर आणला आणि तो चालवणारा माणूसही. हिनं विचारलं, चुकलं कुठं? ते बिचारे म्हणाले, "तुझं नाही गं काही चुकलं, काळ बदलला." मग एका शाळेत कारकुनाची जागा निघाली. ती संस्थाचालकाच्या भाचीला गेली. भाचीला टायपिंगचा गंधही नव्हता. मी स्टँडवर उभी राहून त्या चालकाचा यथास्थित उद्धार केला. महेजबीन त्याला विचारून आली होती. तो तिच्यावरच ओरडला.

"आता त्याला इचारून काय मिळालं तुला?" मी म्हटलं.

"माझं चुकलं न्हाई एवढं तरी कळलं," ती म्हणाली.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास कुरकुंभच्या एका कंपनीत तिची परीक्षा झाली. कॉम्प्युटरवर एक पत्र टाइप करायचं. तिनं सगळ्यांच्या आधी केलं, एक चूक नाही. साहेबांनी पडद्यावर बघून समास वाढवला आणि सगळं पत्र विस्कटलं. अर्ध्या ओळी तुटल्या, शब्द एकटेदुकटे लोंबायला लागले. साहेबांनी तिला जायला सांगितलं. हिनं आपला ठरलेला प्रश्न विचारला. हा साहेब मात्र भला निघाला. त्यानं सांगितलं, "तुम्ही प्रत्येक ओळीला एंटर मारलाय. हे मशीन ओळ आपणहून बदलतं. परिच्छेद संपला की मगच मारायचा."

टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजायची आणि आपण हातानं दांडी ढकलून पुढच्या ओळीवर जायचं. सगळी बोटं त्या घंटीवर वाढलेली. न वाजणारी घंटीही तिला ऐकू यायची.

मग तिनं कॉम्प्युटरचा क्लास लावला, फी भरायला रात्री उशांचे अभ्रे शिवले. एंटर मारणारी उजव्या हाताची करंगळी काही केल्या ऐकेना, तेव्हा चाचांकडून गादीच्या कापडाची चिंधी मागून तिनं ती बांधून टाकली. क्लासातली पोरं हसायची. "हसू दे," म्हणायची, "मला त्यांच्यात नोकरी करायचीय व्हय?" त्याच क्लासला मीही जात होते, पण जमेल तेव्हा.

यानंतर लगेच नोकरी लागली असं सांगायला मला आवडलं असतं. एका ठिकाणी इंग्रजीत विचारलं आणि हिची वाचाच बसली. शिरूरकडच्या एका कारखान्यात सगळं जमलं होतं, पण तुम्ही लांब राहता म्हणाले. त्यावर काय करणार? त्या दिवशी ती एसटीत बसल्यापासून रडत होती. तिला असं रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं आणि मला फार वाईट वाटलं. चौफुल्याला गाडी बदलायला उतरलो, तर म्हणाली, "रडून भूक लागलीया, भेळ खाऊ." भेळ खाता खाता तिनं पुढचा अर्ज कुठं करायचा ते ठरवूनही टाकलं.

दोन हजार दोन साली कुरकुंभच्याच दुसऱ्या एका कंपनीत दोन जागा निघाल्या. आम्ही दोघी गेलो, आणखीही बऱ्याच पोरी होत्या. चार दिवसांत महेजबीनला रुजू व्हायला सांगितलं. मला खरंच आनंद झाला, कारण दुसरी जागा माझी असं मी धरूनच चालले होते. आईला तर मी डबाही घेऊन ठेवायला सांगितलं होतं.

ती रुजू झाली त्याच संध्याकाळी आमच्या दारात उभी.

"पेढं कुठायत?" मी विचारलं.

"पेढं नंतर. रुपे, तुला घेतलं न्हाई. पत्र येईल दोन दिवसांत. आज मला तीच पत्रं टाइप करायला दिली व्हती. तुझं बी मीच केलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मग ते सांगायला एवढ्या लांब आलीस व्हय?"

"न्हाई. तुझं चुकलं कुठं ते सांगायला आले. साहेबांना इचारलं मी. ते म्हनले, पोरीचा हात चांगला हाय, पण एक अक्षर चुकलं की अख्खं पान सोडून नवं उघडती. वेळेत पत्रच झालं न्हाई."

टायपिंगच्या परीक्षेत खाडाखोड चालायची नाही. चूक झाली की कागद काढून नवा घालायचा. कॉम्प्युटरवर मी तेच करत बसले होते आणि मला ते कळलंही नव्हतं.

"हितं चूक पुसता येती, रुपे," ती म्हणाली. "व्हतं तेवढं ठेवायचं आन् फुडं जायचं."

मी आत जाऊन चहा ठेवला आणि चुलीपाशी उभी राहून रडले. बाहेर ती आईला चाचांच्या खोकल्याचं सांगत बसली होती. चहा घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, "पुसायचं कसं ते दाखव." तिनं आमच्या पाटावरच बोटं ठेवून दाखवलं, दोनदा.

दौंडची गाडी चुकेल म्हणून ती उठली. ती गेल्यावर आईनं विचारलं, पोरीचा पहिला दिवस कसा गेला म्हणाली? मी विचारलंच नव्हतं.