एका माणसापुरता ओटा

दूध आणायला गेलेला माणूस पिशवी घेऊन परत येणार, हे आपण इतकं धरून चालतो की त्या सकाळी मी चहाचं आधण ठेवून बसले होते. दारात आली ती समोरच्या घरातली मुमताजभाभी. आमची दुधाची पिशवी तिच्या हातात होती. "वैनी, आधी गॅस बंद करते," असं म्हणत तिनं तो बंद केला, मला खुर्चीत बसवलं आणि माझ्या पायाशी बसली. फाटकाजवळच्या बाकावर हे जरा टेकले होते... ते उठलेच नाहीत. याला आता दोन महिने होतील.

खरं म्हणजे सगळ्यांनी तयारी केली होती ती माझ्या जाण्याची. अडीच वर्षांपूर्वी मला अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला. तेव्हा आम्ही पणदऱ्याला होतो, भरल्या घरात. हे साखर कारखान्यात पॅनमन. पॅनमध्ये पाक आटतो, त्यात साखरेचा दाणा धरला का नाही, हे ओळखणारा माणूस. काचेच्या पट्टीवर थेंब घ्यायचा, उजेडाला धरायचा आणि सांगायचं. तीन पाळ्यांमध्ये यांचा जन्म गेला आणि चुलीपुढं माझा. बत्तीस वर्षांत आमचं बोलणं बहुतेक "वाढू का?" आणि "वाढ" एवढंच. आजारपणानंतर जावांनी मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. मायेनंच. मी दिवसभर सोप्यात एकाच जागी बसून असायची. हे नुकतेच निवृत्त झाले होते. चार महिने त्यांनी माझं ते बसणं बघितलं आणि एक दिवस म्हणाले, "हितं तू बसून बसूनच संपशील. बारामतीत खोली बघितलीय."

धाकट्या दिरांना फार लागलं. "दादा, लोक काय म्हनतील? आजारी वैनीला भावानं घराभाईर काढलं म्हनतील."

"म्हनू द्या," हे म्हणाले.

बारामतीतलं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. तेही असं की एक माणूस ओट्याशी उभा राहिला की दुसऱ्यानं दारातच थांबायचं. दारात माझी खुर्ची आली आणि ओट्याशी हे. साठीच्या माणसाला काकडी चिरता येत नव्हती. पहिल्या दिवशी मी सांगितलं, पिठलं करा. मी बोलत गेले, ते करत गेले. मग त्यांनी चमच्यानं थोडं पिठलं बशीवर घेतलं, खिडकीशी नेलं, उजेडाला धरून बारकाईनं बघितलं आणि गंभीरपणे म्हणाले, "दाणा धरला."

"अहो, पिठल्यात दाणा धरला म्हणजे गुठळ्या झाल्या!"

मी मोठ्यानं हसले. लग्नानंतर त्यांच्यासमोर इतक्या मोठ्यानं पहिल्यांदाच. तेही माझ्याकडं बघतच राहिले, कुणी नवीन बाई घरात आल्यासारखे.

त्या वर्षात आम्ही किती बोललो... कारखान्यातल्या पहिल्या पाळीचं, माझ्या माहेरच्या कऱ्हाटीचं, गेलेल्या माणसांचं. भाजी शिजेपर्यंत एक गोष्ट पुरी व्हायची. यांची आमटी मुमताजभाभी वाटी पुढं करून मागून न्यायला लागली, तेव्हा हे दोन दिवस छाती काढून हिंडत होते.

आणि मग एका सकाळी उठून बघते तर ओट्यावरचे सगळे डबे डावीकडं. "आजपासनं फोडणी तू द्यायची," हे म्हणाले.

"माझ्याच्यानं न्हाय व्हायची."

"डाव्या हातानं दे."

मोहरीचा डबा हातातून निसटला. स्वयंपाकघरभर मोहरी. मला वाटलं, हे खाली बसून गोळा करतील. ते उभेच राहिले. मी रडले, नको ते बोलले, आजारी बायकोचा कंटाळा आला का म्हणाले. मी अबोला धरला. पण एका खोलीत अबोला धरून माणूस जाणार कुठं? तिसऱ्या दिवशी त्यांनी हुलग्याचं पीठ मळून परात माझ्यापुढं ठेवली. "शेंगोळ्या वळ," एवढंच म्हणाले. ताट पालथं घालून मी डाव्या तळव्याखाली पीठ लांबवायला लागले. एक जाड, एक तुटकी. समोर बसून तेही वळत होते. शेंगोळ्या रस्स्यात शिजवल्या आणि आम्ही दोघं जेवलो. मग हे रोजचंच झालं. हळूहळू मी फोडणी दिली, भात लावला, खुर्ची सोडून ओट्याशी उभी राहिले. ते दारात, खुर्चीवर.

का इतके हट्टाला पेटले, असं एकदा विचारलं तर म्हणाले, "तुझ्या हातचं खाऊ वाटतंय." मी खूश झाले होते.

यांचे दिवस झाल्यावर मुलगी वैशाली कपाट आवरत होती. यांच्या शर्टांखाली तिला फाईल सापडली. हृदयाचे फोटो, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या. मुमताजभाभीच्या नवऱ्याला घेऊन हे गुपचूप दवाखान्यात जाऊन आले होते. पहिल्या चिठ्ठीवरची तारीख बघितली आणि ती पुन्हा एकदा वाचली. डबे डावीकडं गेले, त्याच्या आदल्या आठवड्यातली ती तारीख होती. त्या दिवशी मी त्यांना काय काय बोलले होते... ते काही आता परत घेता येत नाही.

वैशालीनं माझी बॅग भरली. "आई, आता एकटी न्हाय राहायचं. इंदापूरला चल माझ्याकडं." मी म्हटलं, आधी जेवू, मग बोलू. ती मदतीला उठली तर तिला बस म्हणून सांगितलं. ज्वारीचं पीठ घेतलं, कोमट पाण्यानं मळलं आणि डाव्या हातानं भाकरी थापायला लागले. ती दारातून बघत होती.

"आई, ही पट्टी कसली ठोकलीय ओट्याला?"

एका हातानं थापताना परात सरकते. बरेच दिवस हे शेजारी तिरके उभे राहून परात धरायचे. जायच्या महिनाभर आधी त्यांनी ओट्यावर ही लाकडी पट्टी बसवली, परात तिला टेकवून दोन-तीनदा ढकलून बघितली आणि म्हणाले, "आता धरायला मी नसलो तरी चालंल."

तिला मी तेवढंच सांगितलं. वैशालीनं पिठानं भरलेल्या त्या पट्टीवरून बोट फिरवलं. मग भाकरी खाल्ली, जराशी जाडच होती, आणि अजून एक मागितली. जेवण झाल्यावर ती बाहेरच्या खोलीत गेली. थोड्या वेळानं मी ओटा पुसून बाहेर आले, तेव्हा ती बॅगेतल्या माझ्या साड्या काढून एकेक करून कपाटात ठेवत होती.