माह्या नावाचं पत्र

तो माणूस डिंकाचा डबा घेऊन सरळ दारापाशी आला अन् कागद चिकटवू लागला. मी ओट्यावर तांदूळ पाखडून राहिली होती, पोरगी बाजूले. सूप कलंडलं, तांदूळ सगळे मातीत. मी म्हटलं भाऊ, थांबा ना, दार आमचं आहे. तो थांबला नाई. मोबाईलनं दाराचा फोटो काढला, मी बी आली असन त्याच्यात. मंग मोठ्यानं नावं वाचली, शेजारची सासू-सून बाहेर आली तरी वाचतच राहिला. पहिलं ह्याईचं, माह्या नवऱ्याचं नाव. त्याच्या खाली माह्यं, आडनावासकट. साठ दिवसांत थकलेलं भरा, नाई तं घर कर्ज देणारी कंपनी ताब्यात घेईन.

माह्यं नाव कायले? घरासाठी कर्ज तं ह्याईनं काढलं होतं.

आता खरं सांगते. पोस्टमन काका कंपनीचं रजिस्टर पत्र घेऊन पहिलेच आले होते. आमचे हे चिखल्याच्या खाणीवर मजूर नेणारी गाडी चालवत. मालकानं गाडी विकली, तवापासून भेटन ते काम. हप्ते राहिले. ह्याईनं मले बजावून ठेवलं होतं, पत्र आलं तं सही करू नको, सही नाई केली तं आपल्याले लागू होत नाई. सगळे ड्रायव्हर लोक असंच म्हणतात म्हणे. मी दारात आडवी उभी राहिली अन् म्हटलं, ह्या नावाची बाई इथं राहत नाई.

काकानं माह्याकडं पाहिलं, पोरीकडं पाहिलं. "मंग मागच्या महिन्यात ह्याच नावाचं आधार कार्ड कोणी घेतलं वं, भूतानं?"

मी दार लावून घेतलं. आधार सोडलं तं जन्मात पहिलं पत्र माह्या नावानं आलं होतं, अन् मीच मले नाई म्हटलं.

तर तो कागदवाला गेल्यावर मले काही सुचेना. ह्याईले फोन लावला नाई. ते आधीच म्हणत होते, लई झालं तं चाबी देऊन टाकू, जाऊ कुठंबी. मी पोरीले उचललं अन् धावत पोस्टात गेली, एका पायात माह्यी चप्पल, एका पायात ह्याईची. काका टपाल लावून राहिले होते. मी रडतच सगळं सांगतलं. वाटलं, आता रागावतीन.

"नाव नाई म्हटल्यानं नाव पुसते का, पोरी?" एवढंच म्हटलं. मंग म्हणाले, कोर्टाच्या आवारात फुकट सल्ला देणारे वकील बसतात, बाईले पैसे लागत नाई, घरच्या कर्जाची फाईल घेऊन जा.

कोर्टात मी कधी पाय ठेवला नव्हता. वाटे, आत गेली का तिथंच बसवून ठेवतीन. तरी दुसऱ्या दिवशी गेली. वकील मॅडमनं फाईल उघडली अन् एकेक पान माह्याकडं फिरवलं. प्रत्येक पानाखाली माह्यी सही, आठवीतल्या पोरीसारखी. तवा आठवलं. पोरगी पोटात होती, हे बोट ठेवत होते, इथं कर, इथं कर, मी करत गेली. मले वाटलं साक्षीदार म्हणून असन. नंतर ह्याईनं समोसा खाऊ घातला होता.

मी म्हटलं, मॅडम, माह्यं नाव काढून टाका.

"अजिबात काढू नका. तुमचं नाव आहे म्हणूनच तुम्ही स्वतः जाऊन सवलत मागू शकता."

त्याईनं सांगतलं तसा अर्ज मी माह्या हातानं लिहिला. काम सुटलं, हप्ता लहान करा, वर्षं वाढवा. बसनं भंडाऱ्याले गेली. कंपनीच्या ऑफिसातल्या साहेबानं कागदाले हातच लावला नाई, मिस्टरांना पाठवा म्हणाला. पोरगी टेबलावरचा पेन ओढत होती. मी पेन तिच्या हातातून सोडवला अन् म्हटलं, "सही माह्यी बी आहे, साहेब."

त्यानं अर्ज घेतला. शिक्का मारून एक प्रत मले देली, अन् एक फॉर्म, दोघांच्या सहीचा.

संध्याकाळी ह्याईच्या ताटाजवळ फॉर्म ठेवला. लई बोलले मले, कोणाले विचारून गेली म्हणून. मी वाढत राहिली. मंग त्याईनं पेन घेतला अन् न पाहताच सही कराले लागले. मी त्याईचा हात धरला. "पहिले वाचा."

वाचलं. ओठ हलवत, बोट ठेवत, शेवटपर्यंत. हप्ता कमी होईन पण वर्षं किती वाढतीन ते दोनदा वाचलं. मंग केली सही.

उत्तर अजून आलं नाई. दारावरचा कागद तसाच आहे, खरवडला तरी डिंक निघत नाई. रस्त्यावर गाडीचा आवाज आला का मी फाटकाकडं धावते, पोस्टमन काका असतीन म्हणून. येणाऱ्या पत्रात घर राहिलं का गेलं ते असन, मले माहीत आहे. या वेळेस सही करीन.

पण पहिल्या वेळेस, घरातला माणूस सही करू नको म्हणून सांगून गेलेला, आत काय लिहिलं असन ते कळत असलेलं, अन् पाकिटावर तुमचंच नाव. तुम्ही काय केलं असतं? घेतलं असतं का?